टाचणात उद्दिष्ट पक्के, वर्गात मात्र पत्ता नाही

तक्रार अशी असते. टाचण, म्हणजे रोजच्या तासाची लेखी तयारी, वेळेवर पूर्ण आहे, उद्दिष्टांच्या रकान्यात चार ओळी नीट लिहिल्या आहेत, केंद्रप्रमुखांची सहीसुद्धा झाली आहे. तास झाला, मुलांनी माना डोलावल्या. आठ दिवसांनी तोच भाग विचारला की सगळा वर्ग छताकडे बघतो. मग आपण तोच पाठ परत घेतो, तशाच उद्दिष्टांवर, आणि परत तेच होते. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या कुठल्याही शिक्षण परिषदेत चहाच्या वेळी हे गाऱ्हाणे ऐकू येते. खापर बहुधा मुलांवर, पालकांवर नाहीतर मोबाइलवर फुटते. माझ्या मते मात्र बऱ्याचदा बिघाड उद्दिष्टाच्या वाक्यातच असतो, आणि तो शोधून काढता येतो.

शोधायची कसोटी सोपी आहे. उद्दिष्ट वाचल्याबरोबर तासाचा शेवटचा प्रश्न सुचला पाहिजे. असा प्रश्न, की ज्याचे उत्तर बघून या मुलाला आले आणि त्याला नाही हे आपल्याला सांगता येईल. प्रश्न सुचत नसेल तर वाक्य बदलायचे. उलटी वाट धरली तर आणखी सोपे जाते: आधी शेवटचा प्रश्न लिहायचा, मग त्यावरून उद्दिष्ट. पुढे जे काही सांगितले आहे ते या एका कसोटीवर कुठली वाक्ये कशी आणि का नापास होतात, त्याबद्दल.

'समजते' म्हणजे नेमके काय होते?

सातवीच्या भूगोलात भरती-ओहोटीचा पाठ आहे. टाचणातली नेहमीची ओळ: 'विद्यार्थ्यांना भरती-ओहोटीची संकल्पना समजते.' यावर शेवटचा प्रश्न काय विचारणार? 'समजले का?' वर्ग एका सुरात 'हो बाई' म्हणणार आणि घंटा होणार.

समजणे, कळणे, जाणीव होणे, माहिती होणे ही सगळी मुलाच्या डोक्यात घडणारी कामे आहेत, ती बाहेरून दिसत नाहीत. दिसतात ती ओळखतो, जुळवतो, काढून दाखवतो, कारण सांगतो, फरक लिहितो अशी कामे. डी.एड., बी.एड.ला आपण सगळ्यांनी तो तक्ता घोकलेला आहे: ज्ञान, आकलन, उपयोजन, कौशल्य, आणि प्रत्येकासमोर स्पष्टीकरणे. नोकरी लागल्यावर होते काय, की तक्त्याचा डावा रकाना हाताशी राहतो आणि उजवा गळतो. 'आकलन' लिहिले जाते, 'तुलना करतो' राहून जाते. खरे काम त्या उजव्या रकान्याचे होते.

ही मांडणी मुळात अमेरिकी शिक्षणतज्ज्ञ ब्लूम आणि त्यांच्या सहकाऱ्यांची, १९५६ सालची. २००१ मध्ये तिची फेररचना झाली आणि नामांच्या जागी क्रियापदे आली: आठवणे, समजणे, वापरणे, विश्लेषण करणे, मूल्यमापन करणे, निर्माण करणे. रोजच्या टाचणासाठी मला मात्र १९६२ मध्ये मेगर यांनी मांडलेली तीन अंगे जास्त कामाची वाटतात: मूल काय करून दाखवेल, कुठल्या परिस्थितीत, आणि किती बरोबर आले म्हणजे चालेल. ही तिन्ही लिहिली की भरती-ओहोटीची ओळ अशी होते: 'सूर्य, चंद्र आणि पृथ्वी यांची आकृती दिली असता, ती उधाणाच्या भरतीची आहे की भांगाच्या हे विद्यार्थी ओळखतो आणि कारण एका वाक्यात सांगतो.' (उधाण म्हणजे अमावास्या-पौर्णिमेची मोठी भरती, भांग म्हणजे अष्टमीच्या सुमाराची लहान.) शेवटचा प्रश्न वाक्यातच बसलेला आहे. फळ्यावर अष्टमीची आकृती काढा, नाव लिहू नका, आणि विचारा.

एका वाक्यात दोन उद्दिष्टे लपतात तेव्हा

हा बिघाड चटकन नजरेत भरत नाही, म्हणून जरा जवळून बघू.

किनाऱ्यावरच्या शाळेत याच पाठाला गणिताची जोड छान देता येते. आपल्याकडचे जुने कोळी-खारवी तिथीवरून भरतीची वेळ काढतात. तिथीचा आकडा घ्यायचा, त्याची पाऊणपट करायची, साधारण तेवढ्या वाजता भरती पूर्ण. अष्टमीला आठाची पाऊणपट सहा, म्हणून सहाच्या सुमाराला पाणी भरलेले. हिशेब ढोबळ आहे, पण होडी काढायला पुरतो. अपूर्णांकांचा गुणाकार झालेल्या वर्गासाठी याहून चांगले उदाहरण मला तरी माहीत नाही.

उद्दिष्ट लिहिले: 'कॅलेंडरातली तिथी दिली असता विद्यार्थी तिची पाऊणपट काढून भरतीची अंदाजे वेळ तास-मिनिटांत लिहितो.' वाक्य चांगले आहे, कसोटीला उतरते. शेवटचा प्रश्न: उद्या पंचमी, भरती किती वाजता? तीन मिनिटे, एक चिठ्ठी, नाव लिहून टेबलावर.

चिठ्ठ्या उघडल्या की वर्ग फुटलेला दिसतो. काहींनी '३ वाजून ४५ मिनिटे' लिहिलेले असते. काहींनी '३ वाजून ७५ मिनिटे'. काही १५/४ वर थांबलेली असतात. आणि एखाद्याने कसलाही हिशेब न मांडता नुसते 'पावणेचार' लिहिलेले असते, कारण घरात पाव, सव्वा, पाऊण कानावर पडत असतात.

मार्क देऊन मोकळे झालो तर पहिले आणि शेवटचे बरोबर, मधले सगळे चूक. पण मधली दोन उत्तरे एकसारखी चूक नाहीत. '७५ मिनिटे' लिहिणाऱ्याचा गुणाकार बिनचूक आहे. त्याने ५ गुणिले ३/४ केले, ३.७५ काढले आणि दशांश चिन्हापुढचे आकडे थेट मिनिटे समजला. त्याला अपूर्णांक पुन्हा शिकवण्यात काहीच अर्थ नाही, तो फक्त कंटाळेल. १५/४ वर अडकलेल्याला अंशाधिक अपूर्णांक पूर्णांकयुक्त करता येत नाही. घड्याळापर्यंत तो पोचलेलाच नाही.

म्हणजे त्या एका वाक्यात पाऊणपट काढणे आणि तासाचा भाग मिनिटांत सांगणे अशी दोन वेगळी कामे दडली होती. दुसऱ्या दिवशीचे उद्दिष्ट आता चिठ्ठ्यांवरूनच निघते. एका गटासाठी 'तासाचा पाव, अर्धा आणि पाऊण भाग मिनिटांत सांगतो', दुसऱ्यासाठी '१५/४ सारखा अपूर्णांक पूर्णांकयुक्त रूपात लिहितो'. दोन्ही छोटी आहेत, पहिले तर दहा मिनिटांत उरकते.

लिहितानाच हे पकडायचे तर वाक्यातली क्रियापदे मोजायची. 'आणि', 'व', 'काढून', 'करून' दिसले की थांबायचे आणि विचारायचे: यातले एक आले आणि दुसरे नाही, असे मूल असू शकते का? असू शकत असेल तर वाक्य फोडा, निदान चिठ्ठीतले प्रश्न तरी दोन करा. भरतीच्या आकृतीचे जे वाक्य मी वर चांगले म्हणून दिले त्यातही 'आणि' आहे. ओळखता येते पण कारण सांगता येत नाही, अशी मुले हमखास निघतात. तिथे वाक्य एकच ठेवले तरी चालेल, ओळखण्याचा आणि कारणाचा गुण मात्र वेगळा मांडायचा.

निष्पत्ती जशीच्या तशी टाचणात

सगळ्यात जास्त तास इथे वाया जातात.

एनसीईआरटी या केंद्रीय शिक्षणसंस्थेने २०१७ मध्ये प्राथमिक स्तरासाठी अध्ययन निष्पत्ती प्रसिद्ध केल्या आणि त्याच वर्षी शिक्षण हक्क कायद्याच्या नियमांतही त्यांना जागा मिळाली. त्यांच्या आधारे २०१७ आणि २०२१ मध्ये राष्ट्रीय संपादणूक सर्वेक्षण झाले, पाठ्यपुस्तकांतही त्या छापल्या गेल्या. चांगली गोष्ट आहे. पण निष्पत्ती म्हणजे वर्षाअखेरी मूल कुठे पोचलेले असावे ते ठिकाण. पस्तीस-चाळीस मिनिटांच्या तासात ते गाठायचे नसते. तरीही टाचणात काय दिसते? 'अपूर्णांकांवर आधारित दैनंदिन जीवनातील उदाहरणे सोडवतो', आणि हीच ओळ सोमवारी, मंगळवारी, बुधवारी. तीन दिवसांचे उद्दिष्ट एकच असेल तर तिसऱ्या दिवशी मूल नेमके कुठे आहे हे कोण सांगणार?

निष्पत्ती पोलादपूरचा घाट असेल तर रोजचे उद्दिष्ट त्यातले एक वळण. घाट वर लिहा, खाली आजचे वळण लिहा.

'पण तपासणीला निष्पत्तीच बघतात' अशी अडचण सांगितली जाते. बघू देत की. वरच्या ओळीत क्रमांकासकट निष्पत्ती जशीच्या तशी उतरवा, खाली 'आजचा टप्पा' म्हणून एक ओळ टाका. असे टाचण कुणी नाकारल्याचे माझ्या ऐकिवात नाही. विस्तार अधिकारी उलट त्या दुसऱ्या ओळीवर बोट ठेवून वर्गात प्रश्न विचारतात, आणि तेव्हा मुलांना उत्तर येते, कारण शिकवलेलेही तेच असते.

आयते टाचण हा याच दुखण्याचा सख्खा भाऊ. व्हॉट्सॲपवर फिरणारी पीडीएफ असो की एखाद्या ॲपने अर्ध्या मिनिटात लिहून दिलेले टाचण असो, भाषा गुळगुळीत असते. दापोलीतही तेच आणि देवगडातही तेच. वापरायला हरकत नाही, तालुक्याच्या माहित्या भरता भरता दिवस संपतो हे मीही बघतो. फक्त उद्दिष्टाची ओळ तेवढी खोडून आपल्या हाताने लिहावी. बाकी टाचण उसने चालते.

हे शिक्षकाचे काम झाले, मुलाचे नव्हे

'कांदळवनांची माहिती देणे.' 'पाढे पाठ करून घेणे.' कर्ता कोण ते बघा. शिक्षकाने माहिती दिली की उद्दिष्ट पूर्ण, मूल झोपलेले असले तरी. कर्ता बदलला की निम्मे काम होते.

याचाच जुळा प्रकार म्हणजे कृतीलाच उद्दिष्ट समजणे. 'विद्यार्थी खाडीकिनारी भेट देऊन कांदळवनाचे निरीक्षण करतात.' ही सहल झाली. तिथून परत आल्यावर मूल काय सांगू शकेल, ते उद्दिष्ट. उदाहरणार्थ, 'चिखलातून वर आलेली श्वसनमुळे दाखवून ती कशासाठी असतात ते सांगतो.' आता भेटीचीही दिशा ठरते. मुलांना कुठे उभे करायचे, काय दाखवायचे, आणि कधी जायचे तेही. श्वसनमुळे बघायची तर ओहोटीलाच जायला हवे.

ऐंशी टक्के

निकष लिहायचा म्हणून '८० टक्के विद्यार्थी बरोबर उत्तर देतील' असे ठोकून दिलेले असते. आपल्याकडच्या वाडीवस्तीवरच्या शाळेत वर्गाचा पट नऊ. नवाचे ऐंशी टक्के म्हणजे सात पूर्णांक दोन मुले. एवढ्या लहान वर्गात टक्केवारी हवीच कशाला? नावे लिहा. 'पाचपैकी चार उदाहरणे बरोबर' हा निकष एकेका मुलासाठी ठेवा आणि ज्यांना जमले नाही त्यांची नावे समासात टिपा. साठ मुलांच्या वर्गात टक्केवारीला अर्थ आहे, नऊच्या वर्गात शिक्षकाला प्रत्येकाचे अक्षरसुद्धा ओळखता येते.

भारी क्रियापद, हलका प्रश्न

'विश्लेषण करतो', 'मूल्यमापन करतो' अशी वरच्या पायरीची क्रियापदे लिहायची अलीकडे चढाओढ दिसते. खाली स्वाध्याय बघावा तर 'रिकाम्या जागा भरा'. उद्दिष्ट आणि प्रश्न यांची पायरी एकच हवी. रिकामी जागाच विचारायची असेल तर 'आठवून सांगतो' असे प्रामाणिकपणे लिहा, त्यात कमीपणा काही नाही. सिंधुदुर्ग किल्ल्याची पायाभरणी १६६४ मधली, हे आठवूनच सांगायचे असते. मालवणच्या कुरटे बेटावरची जागा का निवडली असेल, हा प्रश्न विचारणार असाल तर मग 'नकाशा बघून दोन कारणे मांडतो' असे लिहा. पण ती कारणे आदल्या दिवशी वहीत उतरवून दिली असतील तर तेही शेवटी आठवणेच झाले, हे ध्यानात असू द्या.

दोन शिक्षक, पाच इयत्ता

द्विशिक्षकी शाळेतली अडचण खरी आहे. पाचांतल्या तीन इयत्ता एकाच शिक्षकाकडे आल्या की तीन टाचणे, तीन उद्दिष्टे, आणि फळा एक. इथे विषय एक ठेवून उद्दिष्टाची पायरी बदलणे हाच मला जमण्यासारखा मार्ग वाटतो. आंब्याच्या हंगामात पेटी घ्या. तिसरी: दिलेल्या आंब्यांचे डझनाने गट करून डझन किती ते सांगते. चौथी: पाच डझनी सात पेट्यांतले आंबे गुणाकाराने काढते, म्हणजे ४२०. पाचवी: २०० आंब्यांच्या चार डझनी पेट्या किती भरतील आणि किती उरतील ते भागाकाराने सांगते. चार पेट्या, आठ आंबे उरले. बोलणे सगळ्यांशी एकदम होते, चिठ्ठीवरचा प्रश्न मात्र तीन प्रकारचा. पाचवीतले एखादे मूल चौथीच्या प्रश्नावर अडले तर तेही तिथल्या तिथे कळते, हा वरचा फायदा.

उत्तर येते, पुस्तकातली भाषा येत नाही

मालवणी, संगमेश्वरी, आगरी बोलणारी मुले आपल्या वर्गात असतात. भरती-ओहोटीच्या चिठ्ठीवर एखादे मूल ओहोटीला 'सुकती' लिहिते. गुण द्यायचा की नाही? याचे उत्तर उद्दिष्टात आधीच असायला हवे. आज भूगोल तपासत असू तर पूर्ण गुण. पाठ्यपुस्तकातली संज्ञा वापरणे हेच आजचे काम असेल तर तसे लिहा, 'योग्य भौगोलिक संज्ञा वापरून', आणि ती मुलांनाही आधी सांगा. दोन्ही एकदम तपासायला गेलो की पाणी कधी उतरते हे रोज बघणारे मूल भूगोलात कच्चे ठरते. पहिली-दुसरीत तर मी तोंडी उत्तर कुठल्याही बोलीत चालेल असे स्पष्टच लिहायला सांगतो.

आवड, जाणीव, अभिवृत्ती

'पर्यावरणाविषयी आवड निर्माण होते.' पस्तीस मिनिटांत? हे उद्दिष्ट खोटे नाही, रोजच्या टाचणात ते मावत नाही इतकेच. त्याची जागा आकारिक, म्हणजे सत्रभर चालणाऱ्या मूल्यमापनाच्या वर्णनात्मक नोंदीत. सत्रभर बघायचे आणि एखादी खरी नोंद करायची: न सांगता शाळेच्या परसातली झाडे जगवतो, कासवांच्या अंड्यांबद्दल वेळासच्या बातम्या आणून दाखवतो. असे काही दिसलेच नाही तर नोंद रिकामी ठेवलेली बरी.

आणि कविता पहिल्यांदा वर्गात म्हणायची असेल त्या दिवशी मी उद्दिष्टाची ओळ फारशी मनावर घेत नाही. मुलांनी कविता ऐकावी, दोनदा म्हणावी, पुरे. मोजायचे ते दुसऱ्या तासाला.

सगळ्यांनाच आधीपासून येत असेल तर

हा बिघाड ओळखायला अवघड, कारण वरून सगळे झकास दिसते. चिठ्ठ्या सगळ्या बरोबर, शिक्षक खूश. पण हर्णै किंवा मिरकरवाडा या मासेमारी बंदरांजवळच्या शाळेत पंचमीची भरती विचारली तर अर्ध्या वर्गाला ते तास सुरू व्हायच्या आधीच ठाऊक असते. मग त्या तासाने दिले काय? म्हणून शेवटचा प्रश्न तासाच्या सुरुवातीलाही एकदा विचारावा, हात वर करून किंवा पाटीवर. बहुतेकांना येत असेल तर उद्दिष्ट तिथल्या तिथे बदलायचे. त्यासाठी वरच्या पायरीचा एक प्रश्न खिशात हवा.

भरतीच्या हिशेबात तो असा निघतो. दोन भरतींत साधारण १२ तास २५ मिनिटांचे अंतर असते, म्हणजे दुसऱ्या दिवशी भरती सुमारे ५० मिनिटे उशिरा. पाऊणपटीने मात्र दर तिथीला ४५ मिनिटेच पुढे सरकतात. रोज पाच मिनिटे मागे पडणारा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या चालला कसा? उद्दिष्ट: 'पौर्णिमा आणि त्यानंतरची प्रतिपदा यांच्या वेळा काढून, पाऊणपटीच्या हिशेबातली तूट कुठे भरून निघते ते विद्यार्थी दाखवतो.' पौर्णिमा पंधरावी तिथी, वेळ सव्वाअकरा. प्रतिपदेला मोजणी पुन्हा एकपासून, वेळ पाऊण. सव्वाअकरा ते पाऊण म्हणजे दीड तास. एरवी पाऊण तासाची असणारी उडी इथे दुप्पट झाली. पंधरा तिथींत एकूण बारा तास, म्हणजे तिथीमागे सरासरी ४८ मिनिटे. हे वहीत मांडायला सातवीच्या मुलाला अर्धा तास सहज लागतो, आणि घरी जाऊन आजोबांना विचारले तरी आयते उत्तर मिळेलच असे नाही.